पावसाआधीची शाकारणी: मंदीच्या चाहुलीने बड्या टेक कंपन्या खर्च कसा कापतात



कोकणात मृग लागायच्या आधी घराची शाकारणी करतात. फुटलेली कौलं बदलायची, सरकलेली बसवायची. पाऊस कोसळायला लागल्यावर छपरावर चढण्यात काही अर्थ नसतो, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. आजचा आपला विषय वरवर पाहता असाच आहे. मंदी येणार असं दिसू लागलं की मोठ्या कंपन्या आधीच हात आखडता घेतात. पण २०२२ आणि २०२३ साली अमेरिकेतल्या बड्या टेक कंपन्यांनी ज्या मंदीसाठी ही तयारी केली, ती मंदी आलीच नाही. आणि शाकारणीच्या नावाखाली घरातली माणसंच बाहेर काढली गेली. हे कोणत्या क्रमाने झालं, वाचलेला पैसा कुठे गेला आणि त्याचा हिंजवडीतल्या पोरापोरींशी काय संबंध, एवढं आज पाहू.

आधी काय घडलं ते थोडक्यात. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, ११,००० हून अधिक लोकांना काढलं. मार्च २०२३ मध्ये आणखी १०,००० लोकांची कपात जाहीर केली. १८ जानेवारी २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने १०,००० आणि दोनच दिवसांनी गुगलच्या मालक कंपनीने, अल्फाबेटने, १२,००० लोकांची कपात जाहीर केली. अ‍ॅमेझॉनने दोन टप्प्यांत १८,००० आणि ९,००० असे एकूण २७,००० लोक कमी केले.

आता हे ऐकून आपल्याला वाटेल की कंपन्या बुडायला आल्या असणार. पण वार्षिक अहवाल उघडून बघा. २०२२ मध्ये अल्फाबेटचा निव्वळ नफा होता जवळपास ६० अब्ज डॉलर. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, तेव्हा हे झाले ६,००० कोटी डॉलर, रुपये नव्हेत. मेटाचा नफा २३ अब्ज डॉलर. अ‍ॅमेझॉन त्या वर्षी तोट्यात होती, पण बाकीच्यांच्या तिजोऱ्या भरलेल्या होत्या. आणि २०२३ मध्ये अमेरिकेची अर्थव्यवस्था आकसली नाही. ती सुमारे अडीच ते तीन टक्क्यांनी वाढली. बेरोजगारी ४ टक्क्यांच्या खालीच राहिली.

मग नफ्यातल्या कंपन्यांनी न आलेल्या मंदीसाठी एवढी माणसं का काढली?

व्याजदर बदलला, हिशेब बदलला

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतला मुख्य व्याजदर शून्याला टेकलेला होता. जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. तिला आवर घालण्यासाठी मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, दर वाढवायला सुरुवात केली आणि जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला.

तुम्ही म्हणाल, या कंपन्यांकडे रोकड पडून आहे, त्यांना कर्ज कशाला लागतं? बरोबर आहे. पण व्याजदराचा परिणाम कर्जापुरता नसतो. समजा कुणी सांगितलं की दहा वर्षांनी तुम्हाला १०० रुपये देतो. आज त्याची किंमत किती? व्याज एक टक्का असेल तर सुमारे ९१ रुपये. पाच टक्के असेल तर सुमारे ६१ रुपये. वचन तेच, रक्कम तीच, पण किंमत एक तृतीयांशाने घसरली. टेक कंपन्यांच्या शेअरचा भाव बराचसा अशाच वचनांवर उभा असतो: आज खर्च करू, दहा वर्षांनी कमावू. दर वाढले आणि गुंतवणूकदार म्हणायला लागले, दहा वर्षांनंतरचं नको, यंदाचा नफा दाखवा.

त्यात जाहिरातींचा धंदा थंडावला. दुकानदाराला चार महिने मंदे जाणार असं वाटलं की तो आधी जाहिरात थांबवतो, कामगार नंतर. त्यामुळे ज्यांचं पोट जाहिरातीवर आहे त्यांना मंदीची झुळूक सर्वांत आधी लागते. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत मेटाचा महसूल आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा कमी झाला. कंपनी शेअर बाजारात आल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

मग गुंतवणूकदारांनी उघड पत्रं लिहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अल्टिमीटर या गुंतवणूक संस्थेने मेटाला कर्मचाऱ्यांवरचा खर्च किमान २० टक्के कमी करा, असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये टीसीआय या फंडाने अल्फाबेटला लिहिलं की तुमच्याकडे माणसं जास्त आहेत आणि पगारही जास्त आहेत. तेव्हा मंदीची भीती खोटी नव्हती, पण कपातीचा हिशेब मंदीला उद्देशून कमी आणि भागधारकाला उद्देशून जास्त होता.

कात्री कुठून सुरू होते

यात एक क्रम दिसतो. प्रत्येक कंपनीत तो तंतोतंत तसाच नसतो, पण साधारण चाल सारखी असते.

पहिली पायरी भरतीची. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मूक कपात. माणसं आपणहून नोकरी सोडत असतातच. त्यांच्या जागा भरल्या नाहीत की कुणाला न काढता संख्या घटते. मेटा आणि गुगलने २०२२ च्या मध्यालाच भरतीचा वेग कमी केला होता, नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमेझॉनने कार्यालयीन भरती थांबवली. याची बातमी छोटी येते, पण पुढचं सगळं त्यात लिहिलेलं असतं.

दुसरी पायरी सोयीसवलतींची. मेटाने मार्च २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांचे कपडे फुकट धुऊन द्यायची सोय बंद केली आणि फुकटच्या रात्रीच्या जेवणाची वेळ सहाऐवजी साडेसहा केली. गुगलमध्ये २०२३ साली लॅपटॉप बदलून देण्याचा काळ लांबवला गेला, स्टेपलरसारख्या वस्तूंवरही नजर गेली. ६० अब्ज नफ्यापुढे स्टेपलरचे पैसे ते किती! पण ही बचत पैशासाठी नसतेच. सुगीचे दिवस संपले, हे घरातल्या सगळ्यांना न बोलता कळावं, यासाठी ती असते.

तिसरी पायरी जोडधंद्यांची. जिथे कमाई कमी आणि आशा जास्त, ते आधी बंद होतं. गुगलने स्टेडिया ही खेळांची सेवा जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळली. अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतली आपली आरोग्यसेवा बंद केली. भारतातही नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने प्रवेश परीक्षांची शिकवणी, घरपोच जेवण आणि लहान दुकानदारांना घाऊक माल पुरवण्याचा व्यवसाय, असे तीन उद्योग एकामागोमाग बंद करत असल्याचं सांगितलं.

चौथी पायरी जागेची. कोविडनंतर निम्मी टेबलं रिकामी होती. मेटाने २०२२ मध्ये पुनर्रचनेपोटी सुमारे ४.६ अब्ज डॉलरचा खर्च दाखवला, त्यातला जवळपास निम्मा कार्यालयाच्या जागा कमी करण्याचा होता. म्हणजे जागा सोडायलाही पैसे मोजावे लागतात, कारण भाडेकरार दहा-दहा वर्षांचे असतात.

कागदावरची बचत

पाचव्या पायरीवर आपण जरा थांबणार आहोत, कारण तिची चर्चा फारशी होत नाही आणि रक्कम मात्र सर्वांत डोळ्यात भरणारी आहे. ती म्हणजे घसारा.

समजा तुम्ही १२ लाखांचा टेम्पो घेतला. तो चार वर्षं चालेल असं धरलं, तर हिशेबात दर वर्षी ३ लाखांचा घसारा खर्च म्हणून पडतो. आता तुम्ही ठरवलं की नाही, हा सहा वर्षं चालेल. मग दर वर्षीचा खर्च २ लाख. टेम्पो तोच, डिझेल तेवढंच, खिशातला एक रुपयाही वाचलेला नाही. पण कागदावर दर वर्षी नफा लाखाने वाढला.

टेक कंपन्यांचा टेम्पो म्हणजे सर्व्हर. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२२ पासून सर्व्हरचं आयुष्य चारऐवजी सहा वर्षं धरायला सुरुवात केली. त्यामुळे त्या आर्थिक वर्षात सुमारे ३.७ अब्ज डॉलरचा फायदा दिसेल असं कंपनीने सांगितलं. अल्फाबेटने जानेवारी २०२३ पासून तेच केलं. अपेक्षित फरक ३.४ अब्ज डॉलर. यात बेकायदा काही नाही. यंत्रं खरोखरच जास्त टिकू लागली होती आणि कंपन्यांनी हे अहवालात उघड लिहिलं. पण लक्षात घ्या, मंदीची भाषा चालू असतानाच हा बदल झाला, आणि एका सहीने अब्जावधी डॉलरचा खर्च पुढच्या वर्षांवर गेला.

आणि आता याच्या बरोबर उलट एक गोष्ट, तीही करातली. अमेरिकेत २०१७ साली झालेल्या कायद्यामुळे २०२२ पासून संशोधन-विकासाचा खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा करता येईनासा झाला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे पगारही यात मोडतात. देशात केलेल्या कामाचा खर्च पाच वर्षांत आणि परदेशात केलेल्या कामाचा पंधरा वर्षांत पसरायचा. म्हणजे इंजिनिअरचा पगार आज गेला, पण कराच्या हिशेबात त्याचा थोडाच भाग आज धरला गेला. देशांतर्गत कामापुरता हा नियम २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. कपातीचं हे एकमेव कारण नव्हे, पण इंजिनिअर महाग वाटायला लागण्यात त्याचाही हात होता.

माणसांची पायरी

शेवटी माणसं. त्यातही आधी ती माणसं, जी कंपनीच्या पटावरच नसतात. २०१९ मध्ये गुगलचे थेट कर्मचारी सुमारे १,०२,००० होते आणि कंत्राटी, हंगामी मिळून सुमारे १,२१,०००. कंत्राटी माणसाचं काम संपलं तर ती नोकरकपात म्हणून मोजली जात नाही. त्याची बातमी होत नाही, भरपाईही सहसा नसते.

थेट कर्मचाऱ्यांना काढणं मात्र आधी महाग पडतं. अल्फाबेटने २०२३ च्या पहिल्या तिमाहीत नोकरकपातीच्या भरपाईपोटी सुमारे २ अब्ज डॉलर खर्च दाखवला. १२,००० माणसांत भागलं तर डोई सरासरी दीड लाख डॉलरहून अधिक. म्हणजे पहिल्या काही महिन्यांत काही वाचत नाही, उलट जातं. पण असा खर्च ‘एकदाच होणारा’ म्हणून वेगळा दाखवता येतो आणि गुंतवणूकदार त्याकडे कानाडोळा करतात. त्यांना पुढच्या वर्षीचा पगारपट दिसत असतो. मेटाचा पट २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ८७,००० च्या वर होता, २०२३ च्या अखेरीस सुमारे ६७,००० वर आला. नफा २३ अब्जांवरून ३९ अब्जांवर गेला आणि शेअरचा भाव त्या एका वर्षात जवळपास तिप्पट झाला.

मग सगळ्यांना एवढी माणसं काढावी लागली का? इथे अ‍ॅपलकडे पाहू. २०१९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत मेटाने माणसं जवळपास दुप्पट केली. अल्फाबेटने सुमारे ६० टक्के वाढवली, मायक्रोसॉफ्टने पन्नासहून अधिक. त्याच सुमारास अ‍ॅपलची संख्या १,३७,००० वरून १,६४,००० झाली, म्हणजे सुमारे २० टक्के वाढ. या लाटेत अ‍ॅपलने मोठी नोकरकपात केली नाही. मुख्याधिकारी टिम कुक यांचं २०२३ चं अपेक्षित मानधन त्यांच्याच शिफारशीवरून ४० टक्क्यांहून अधिक कमी करण्यात आलं. अ‍ॅपलचा धंदा वेगळा आहे, ती वस्तू विकते, हे मान्य. तरीही एक गोष्ट स्वच्छ दिसते. नोकरकपातीचा निर्णय २०२२ मध्ये झाला असं आपण समजतो. तो खरं तर २०२१ मध्ये झाला होता, भरती करताना. कोविडमध्ये लोक घरी बसून पडद्याला चिकटले होते, तो ओघ कायमचा राहील असं धरून माणसं घेतली गेली. मार्क झुकरबर्ग यांनी तसं कबूलही केलं आणि जबाबदारी आपली असल्याचं लिहिलं. जबाबदारी त्यांची होती; नोकरी मात्र ११,००० दुसऱ्या लोकांची गेली.

वाचलेला पैसा कुठे गेला?

गंगाजळीत गेला, असं वाटेल. पण पुढची दोन वर्षं बघा. अल्फाबेटचा यंत्रसामग्री आणि इमारतींवरचा भांडवली खर्च २०२३ मध्ये सुमारे ३२ अब्ज डॉलर होता, २०२४ मध्ये तो ५२ अब्जांच्या पुढे गेला. मेटाचा २८ अब्जांवरून ३९ अब्जांवर. हा पैसा मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिप्स आणि डेटा सेंटरमध्ये गेला. म्हणजे खर्च कमी झाला नाही, त्याची जागा बदलली. पगाराच्या रकान्यातून यंत्राच्या रकान्यात. गंमत म्हणजे यंत्रं इतक्या झपाट्याने जुनी व्हायला लागली की अ‍ॅमेझॉनने २०२५ पासून काही सर्व्हरचं आयुष्य सहावरून परत पाच वर्षांवर आणलं.

आपल्या दारापर्यंत

हे सगळं कॅलिफोर्नियात झालं, आपल्याला काय त्याचं? सांगतो.

एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याला अमेरिकेत नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवा मालक मिळाला नाही, व्हिसाची दुसरी सोय झाली नाही, तर देश सोडायचा. घराचे हप्ते, मुलांची शाळा, सगळं त्या ६० दिवसांत बसवायचं. आणि त्याच वेळी हजारो जण तीच नोकरी शोधत असतात. बे एरियातल्या आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हा आकडा पाठ आहे.

दुसरी वाट हिंजवडीची. अमेरिकेतले ग्राहक हात आखडता घेतात तेव्हा ‘नंतर करू’ म्हणता येईल असं काम आधी थांबवतात, आणि त्यातलं पुष्कळ काम आपल्याकडे होत असतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसची माणसं सुमारे १३,००० ने घटली, इन्फोसिसची सुमारे २६,००० ने. इथे बहुतेक वेळा पहिलीच पायरी वापरली गेली: गेलेल्यांच्या जागा भरल्या नाहीत. मोठ्या बातम्या झाल्या नाहीत, पण कॉलेजच्या आवारात भरती आटली. विप्रोने तर ६.५ लाखांची ऑफर दिलेल्या नव्या मुलांना ३.५ लाखांवर याल का, असं विचारलं. कपातीत ज्याची नोकरी जाते तो दिसतो. ज्याला नोकरी मिळतच नाही, तो कुठल्याच आकड्यात नसतो.

म्हणून एवढंच लक्षात ठेवा. भरती थांबली, सवलती आटल्या, जोडधंदे बंद होऊ लागले, की पुढची पायरी कोणती हे कंपनीने सांगायची वाट बघू नये. हातात सहा महिन्यांचा घरखर्च असावा. आणि काढलं गेलंच, तर तो आपल्या कामावरचा शेरा समजू नये. वर पाहिलेले आकडे व्याजदराचे, भागधारकांचे आणि दोन वर्षांपूर्वीच्या चुकलेल्या अंदाजाचे होते. त्यात तुमचं काम चांगलं की वाईट, हा रकाना बहुतेक वेळा नव्हताच.

श्रोत्यांचे प्रश्न

*मंदी आली नाही, म्हणजे ही कपात चुकीची होती असं म्हणायचं का?*

कंपन्या म्हणतील, नफा वाढला, म्हणजे बरोबर होती. भागधारकाच्या बाजूने ते खरं आहे. पण स्टॅनफर्डचे प्राध्यापक जेफ्री फेफर यांनी त्याच काळात दाखवून दिलं की यात अनुकरणाचा भाग मोठा असतो. शेजाऱ्याने केलं आणि बाजाराने पाठ थोपटली, की आपणही करायचं. आम्हाला वाटतं, प्रश्न कपात करावी की नाही एवढाच नाही. चुकीच्या अंदाजाची किंमत कोणी मोजायची, हा आहे. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये पगारवाढ थांबवली, ते ओझं निदान अनेकांत विभागलं गेलं. नोकरकपातीत ते थोड्यांवर पडतं.

*आपल्याकडे कर्मचाऱ्यांना दाद मागायला काही जागा आहे का?*

आहे, पण अरुंद आहे. अमेरिकेत मोठ्या कंपनीला सामूहिक कपातीपूर्वी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. भारतात अ‍ॅमेझॉनने २०२२ मध्ये स्वेच्छेने राजीनाम्याची योजना आणली, तेव्हा पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली आणि कामगार अधिकाऱ्यांनी कंपनीला बोलावून घेतलं. एकट्याने पाठवलेल्या ईमेलला जे उत्तर मिळत नाही, ते संघटनेच्या पत्राला कधीकधी मिळतं. तेव्हा राजीनाम्यावर सही करण्याआधी चार जणांशी बोला, कागद वाचा, आणि एकटे राहू नका.

इथे थांबतो.